हिच्या फोनवर आलेलं बोलावणं

ही गेली, पण तिचा मोबाइल मी चार्जिंगला लावत राहिलो. का, ते विचारू नका. गेल्या वर्षी संक्रांतीच्या तोंडावर, भर सकाळी, स्वयंपाकघरात तो वाजला. आमच्या मराठी मंडळाचा संदेश : ‘ताई, हळदीकुंकवाला नक्की या.’

मंडळाचा कॉम्प्युटर सूनबाई सांभाळते. तिच्यावरच ओरडलो. ‘मेलेल्या बाईला बोलावता? नाव काढलं होतं ना?’

‘काढलं होतं, बाबा. थांबा, बघते.’

बघितलं, तर ही मंडळाच्या यादीत दोनदा होती. टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये असताना एकदा, बाग सेवनियाला राहायला आल्यावर पुन्हा. पत्ता बदलायचा सोडून कोणीतरी नवीनच बाई भरली होती. पहिली पुसली, दुसरी चालूच.

‘एका माणसाची एकच नोंद हवी, तिला एकच नंबर. बाकी सगळं त्या नंबराला बांधायचं,’ सूनबाई म्हणाली.

‘मग हीपण पुस. कटकट नको.’

‘पुसायचं नसतं, बाबा. ती पहिली पुसली, तर आईंनी बसवलेला भोंडला आता कुणाच्याच नावावर नाही. नुसता लोंबकळतोय.’ मग आवाज खाली आणून म्हणाली, ‘आणि तुमच्या नोंदीत जोडीदार म्हणून या दुसरीचा नंबर आहे.’

मी आठवी नापास. सरकारी वर्कशॉपात फिटर होतो. यंत्राचा मधला फिरता शाफ्ट काढला की त्यावरच्या पट्ट्यांचं काय होतं, ते मला कुणी शिकवायला नको. खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो.

तिने आधी सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवली. बिघडलं तर मागे येता यावं म्हणून. मग पुसण्याआधीच्या एका जुन्या प्रतीतून पुसलेली ही परत आणली, दोघींची एक केली. भोंडला जागेवर आला. शेवटी एक नवा रकाना केला : माणूस गेल्याची तारीख. ज्याची तारीख भरली, त्याला संदेश जाणार नाही.

तारीख तिला माहीत होती. तरी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.

दाखल्यावर, फोटोखाली, सगळीकडे ती दुसऱ्यांनीच लिहिली होती. मी पहिल्यांदाच लिहिली. एका बोटाने.

या संक्रांतीला गल्लीतल्या बायकांचे मोबाइल वाजले. हिचा नाही वाजला. मीच सांगितलं होतं, तसंच झालं. तरी ओट्यापाशी जाऊन चार्जर बघितला. लावलेला होता.