किलोवर घेतलेली मोटरसायकल

माझी मोटरसायकल मी किलोवर घेतली.

लोक शोरूममध्ये जातात, चाबी घेतात, पेढे वाटतात. मी जालना एमआयडीसीत एका सळईच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसतो, त्यामुळे माझ्यापुढं जे येतं ते वजनातच येतं. भंगाराचा ट्रक काट्यावर चढतो, मी आकडा लिहितो, ट्रक भट्टीकडं जातो. बारा वर्षांत किती पत्रे, किती कूलर, किती मोडके नांगर मी भट्टीकडं पाठवले असतील, मला एकदाही गहिवरून आलं नाही. पण त्या दिवशी ट्रकमध्ये अगदी वर, दोन गंजक्या कूलरच्या मधोमध, ती मान वाकडी करून पडली होती. जुनी टू-स्ट्रोक. गोल हेडलाइट, पोट सुटलेली टाकी. कॉलेजात माझ्या मित्राकडं हुबेहूब अशीच होती. तिच्या मागच्या सीटवर बसून मी तीन वर्षं काढली, पण पठ्ठ्यानं एकदा चालवायला दिली नाही. (कारण काय, तर "तुझ्याच्यानं किक बसणार न्हाई.")

भंगारवाल्याला म्हटलं, "ही खाली उतरव."

"साहेब, कागदं बी हायेत हिचे, सीटखाली पिशवीत. पण मला काय करायचं. किलोनंच द्या."

काट्यावर भरली शहाण्णव किलो. त्यात चार किलो चिखल आणि हेडलाइटमध्ये चिमणीचं रिकामं घरटं होतं. ते वजा करायचं मी विसरलो. बारा वर्षांचा अनुभव होता ना.

किलोचा हिशोब आणि घरापर्यंत आणायचा टेम्पो धरून पाच हजार झाले, आणि ते मी कुठून काढले हे इथं सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे झालं त्याबद्दल कोणी माझी कीव करणार नाही. माझी बायको रेखा बियाण्याच्या कंपनीत तपासणीच्या कामाला आहे. रोज सहा माणसांच्या टमटममध्ये अकरावी होऊन जाते. टमटम भरल्याशिवाय हलत नाही, म्हणून उशीर होतो, आणि उशीर झाला की कंपनी अर्धा दिवस कापते. तिनं दोन वर्षं भिशी लावून स्कूटीचे पैसे जमवले, ते गव्हाच्या डब्यात तळाशी ठेवले, आणि ते पुरे झाले त्याच आठवड्यात तिचा नवरा जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन गव्हात कोपरापर्यंत हात घालून बसला.

संध्याकाळी ती कामावरून आली ती अंगणातच थांबली.

"हे काय आणलं?"

"गुंतवणूक."

"मंग गुंतवणूक गळून काहून राह्यली?"

खाली फरशीवर ऑइलचं थारोळं झालं होतं. मी त्यावर पाय ठेवून उभा राहिलो आणि म्हणालो, "अगं, महिनाभरात नीट करतो आणि दुप्पट भावात विकतो. तुझी स्कूटी बी येईल, वर हेल्मेट बी येईल."

"दसऱ्याच्या आत?"

"बिलकुल दसऱ्याच्या आत."

हे बोललो तेव्हा मी खरंच विकणार होतो. देवाशपथ. बिघडवलं ते इस्माईलभाई मिस्त्रीनं. तो गाडीभोवती फिरला, टाकीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "साहब, ये बेचने की चीज न्हाई. ये रखने की चीज है." झालं. मला त्या रात्री झोप लागली नाही. (इस्माईलभाईच्या अंगणात ठेवण्याच्या अशा सात गाड्या उभ्या होत्या आणि तो स्वतः सायकलवर यायचा, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.)

मग काय, ओव्हरटाइमचा पैसा आला की कधी निकेल, कधी नवीन रिंगा, कधी टाकीला रंग. रेखाला सांगायचो, विकायची तर चकाचक पाहिजे ना, भाव येतो. रंग वाळायला टाकी स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवली, तर दोन दिवस घरात वरण-भाताऐवजी बाहेरून वडापाव आला. कार्बोरेटरमधली घाण निघत नव्हती. इस्माईलभाई म्हणाला, उकळून घ्या. मी तो दुधाच्या पातेल्यात उकळला. पातेलं चांगलं तीनदा घासलं, तरी दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू चहाचा घोट घेऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "रेखा, चहात विलायची न्हाई, दुसरंच काहीतरी हाय." रेखानं माझ्याकडं पाहिलं. मी पेपर वाचत होतो, तो उलटा होता.

पाचव्या आठवड्यात गाडी सुरू झाली. चौदाव्या किकला. एवढा निळा धूर झाला की मला माझं घर दिसेना. काकूंचा आवाज तेवढा आला, "पोरांनो, खिडक्या उघडा रे, मच्छराची फवारणी आली." आमच्या गल्लीत तीन वर्षांत फवारणी आली नव्हती, त्यामुळं लोक आनंदानं बाहेर आले. मी धुराच्या मधोमध बसून हँडल धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर. तेव्हाच ठरवलं, हिला विकणं नाही.

आता हे रेखाला सांगायचं कसं? नाहीच सांगितलं. उलट तिच्यासमोर गाडीचे फोटो मोबाइलवर टाकले, विकणे आहे म्हणून. गिऱ्हाइकं यायला लागली आणि मी त्यांच्याशी खरं बोलायला लागलो. पहिल्याला सांगितलं, ब्रेक लागतो, पण लगेच न्हाई. दुसऱ्याला सांगितलं, चढावर उतरून ढकलावी लागते. तिसरा मंठ्याहून आला होता, त्याला तर हेडलाइटमधलं घरटंसुद्धा काढून दाखवलं, मी जपून ठेवलं होतं. तिघंही पाणी पिऊन गेले. रेखा दारात तांदूळ निवडत होती.

"तुम्ही गाडी विकून राह्यले का तिची तक्रार करून राह्यले?"

"व्यवहारात खरं बोलावं माणसानं."

"हो का," ती म्हणाली, आणि आत जाऊन तिनं तिच्या वडलांना फोन लावला.

सासरे, म्हणजे माझे मामा आणि रेखाचे दादा, केदारखेड्याचे. चाळीस वर्षं बैलबाजारात दलाल. बैल दुरून चालत आला तरी त्याचं वय सांगतील असा माणूस. तिथले जुने लोक भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरणं पसरायचं, त्याच्याखाली एकमेकाचा हात धरायचा, आणि बोटं दाबून बोली करायची. चार लोकांत भाव फुटत नाही. आता गोची अशी की आमच्या लग्नाआधी, पोरगी पाहायला गेलो तेव्हा, मामांनी विचारलं होतं, "बाजार कळतो का?" आणि मी पोहे खाता खाता म्हणालो होतो, "लहानपणापासून." मी बैलबाजार आजतागायत एसटीच्या खिडकीतून पाह्यलेला आहे. पण अकरा वर्षं ती थाप टिकली होती.

रविवारी मामा आले, सोबत गावातले सांडूअण्णा नावाचे शेतकरी. अण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. टाकीवर थाप मारली. मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि मला विचारलं, "मधीच बसती का?"

"बसते," मी म्हणालो. "कधी कधी उठतच न्हाई."

"लाथ मारती का?"

"मारते ना. किक उलटी आली की नडगी फोडते."

"मंग जिवंत हाय," अण्णा समाधानानं म्हणाले.

"अण्णा, पेट्रोल लई पिते हो."

"काम करती ती खाणारच."

माझ्या एकेका तक्रारीनं अण्णांचा चेहरा खुलत चालला. शेवटी मी विचारलं, या वयात तुम्ही ही चालवणार कशी? ते म्हणाले, चालवायची कुठं, हिचं कोळपं करायचं. मागचं चाक काढून लोखंडी चाक बसवायचं, त्याला कोळपं जोडायचं, तण काढायला हरभऱ्यात घालायची. बैलाला चारा लागतो, हिला न्हाई. निकेल केलेली माझी गाडी हरभऱ्यात!

तेवढ्यात मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्यापुढं हात केला. "या जावाईबापू."

आता काय करता? मी हात दिला. वरून उपरणं पडलं. मामांचा पंजा गरम आणि खरबरीत होता. त्यांनी डोळे मिटले आणि माझी दोन बोटं हळूच दाबली. अकरा वर्षांत या माणसानं माझ्यावर एवढी माया कधी दाखवली नव्हती, मी तर हललोच. पण लगेच सावध झालो. ही बोली असणार. इथं स्पष्ट नकार दिला पाहिजे, आणि तोही असा की पुन्हा विचारता कामा नये. म्हणून मी त्यांचा अख्खा पंजा धरला आणि जीव खाऊन आवळला.

मामांनी डोळे उघडले. "पाच बोटं, पाच हजार. झालं."

"काय झालं?"

"सौदा."

अण्णांनी बंडीच्या खिशातून नोटा काढून थेट रेखाच्या हातात दिल्या. नोटा आधीच रबरात बांधलेल्या होत्या, पण तेव्हा माझं तिकडं लक्ष नव्हतं.

"मामा, मला न्हाई म्हणायचं होतं."

"न्हाई म्हणायचं असलं की हात सोडून द्यायचा असतो. तुम्ही तर मोडता का काय, असा दाबला." मग त्यांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "तुम्हाला काय सांगायचं. तुम्हाला तर लहानपणापासून कळतो बाजार."

एक थाप वाचवायला मी मोटरसायकल दिली. रेखानं आतून कुंकवाचा करंडा आणला, हेडलाइटला कुंकू लावलं, वर अर्धी भाकरी हँडलवर ठेवली. माहेरी बैल विकताना ती हेच करायची म्हणे. मामा म्हणाले, जनावर द्यावं, पण त्याच्या गळ्यातलं दावं देऊ न्हाई, घरातली बरकत जाते. हे ऐकून मला जरा आशा वाटली. मी झटकन चाबी काढून मुठीत घेतली. "हे आमचं दावं," मी म्हणालो.

"ठेवा की," अण्णा म्हणाले. "वायरी जोडून घेऊ. कोळप्याला कशाला चाबी?"

तिला टेम्पोत चढवलं. टेम्पो वळणावरून दिसेनासा झाला आणि मला रडू आलं. सांगायला लाज वाटत नाही, चांगलं हुंदका देऊन आलं.

रेखानं विचारलं, "डोळ्यात धूर गेला का?"

"हो ना. लई धूर करते ती."

"गाडी तर सुरूच केली न्हाई कोणी."

दसऱ्याला दोन दिवस होते तेव्हा स्कूटी आली. हार, नारळ, पेढे, सगळं झालं. रेखा आता वेळेवर पोचते आणि जाता जाता मला कारखान्याच्या गेटवर सोडते. म्हणजे मी परत मागच्या सीटवर. पहिल्याच दिवशी ती पेट्रोल भरायला थांबली तेव्हा मी डिक्कीतले कागद सहज चाळले. बुकिंगची पावती गुरुवारची होती. सौदा झाला होता त्यानंतरच्या रविवारी. मी आपला ती पावती पुन्हा पुन्हा वाचतोय.

स्कूटी पंपाबाहेर पडल्यावर विचारलं, "रेखा, पाच हजार कमी असताना तू गुरुवारीच बुकिंग कसं केलं?"

ती आरशात बघून हसली. "दादांना फोनवर सांगितलं होतं ना, पाचच घ्या. डब्यातून गेले तेवढेच. एक कमी न्हाई, एक जास्ती न्हाई. अण्णा घरून मोजूनच निघाले होते."

"आणि मी दोन बोटं दाबली असती तर?"

"तरी पाच."

"एक?"

"पाचच. तुम्हाला त्यातलं काही येत न्हाई हे दादांना लग्नाआधीपासून माहीत हाय. ते म्हणले होते, पोरगं खोटं बोलतं, पण ते धड बोलता येत न्हाई त्याला. पोरगी देऊन टाकू."

खिशात दावं होतं, ते मी गेटपर्यंत नुसतं चाचपत राहिलो. उपरण्याखाली भाव ठरत असतो तेव्हा बैलाला कोणी काही विचारत नाही, हा बाजाराचा नियम मला आता कळला. फक्त त्या रविवारी आमच्या अंगणात बैल कोण होता, ते ओळखायला मला थोडा उशीर झाला.