झाडांना वाचून दाखवलेला जाहीरनामा

नागपूरहून मी मुलाकडे लेस्टरला गेले होते; तिथून लंडनला जायचं ठरलं ते नातीच्या गृहपाठामुळे. इरा तेरा वर्षांची, जन्माने लेस्टरचीच. अ‍ॅझ्टेक आणि इंका लोकांची राज्यं घेताना स्पॅनिश लोकांनी कोणती समर्थनं दिली, असा विषय तिला शाळेत मिळाला होता. मी म्हटलं, त्यात लिहायचं काय, सोनं हवं होतं. इरा म्हणाली, "आजी, ते रीझन आहे. मिसला जस्टिफिकेशन पाहिजे."

नागपूरच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी हा धडा एका तासात उरकला होता. शूर खलाशी गेले, अंधारातल्या लोकांना प्रकाश मिळाला, पुस्तकं मिटा. मी परीक्षेत तस्संच लिहिलं आणि शाबासकी मिळवली.

लंडनच्या एका म्युझियममध्ये नेमकं याच विषयाचं प्रदर्शन लागलं होतं. माझा मुलगा निखिल लगेच म्हणाला, मी नेतो. शनिवारी दुपारपर्यंत लोळणारा माणूस सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. सूनबाईंची हॉस्पिटलात ड्यूटी होती, त्यामुळे आम्ही तिघंच निघालो.

जाणाऱ्यांसाठी सांगते: ट्रेनचं तिकीट आधी काढलंत तर बरंच स्वस्त पडतं, ऐनवेळी काढलंत तर तेवढ्यात इथे नागपुरात नवी साडी येते. सव्वा तासाचा प्रवास. खिडकीबाहेर मेंढ्या, मग आणखी मेंढ्या, मग एकदम लंडन. मी तिखट-मिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. डबा उघडल्यावर निखिल आजूबाजूच्या लोकांकडे चोरासारखं बघत "आई, वास येतो गं" म्हणाला, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत त्यानेच पुऱ्या संपवल्या. लंडनमध्ये गुडघे दुखत असतील तर भुयारी रेल्वेच्या वाटेला जाऊ नका. बस घ्या, वर बसा, शहर फुकटात दिसतं.

प्रदर्शन अप्रतिम होतं. दगडाचे सर्प, फिरोज्याचे मुखवटे, आणि सोनं अगदी थोडं, कारण उरलेलं वितळवून झालं होतं. एका दालनात मात्र माझा पारा चढला. तिथे त्या काळच्या एका जाहीरनाम्याची हकीकत लावली होती. स्पॅनिश सेनापती नव्या मुलखात पोचला की तो वाचून दाखवायचा. देवाने जग पोपकडे सोपवलं, पोपने हा मुलूख आमच्या राजाला दिला, तेव्हा मुकाट्याने शरण या. नाही आलात तर आम्ही युद्ध करू, तुम्हाला गुलाम करू, आणि जे मरतील त्यांचं पाप तुमच्याच माथी. हे सगळं स्पॅनिशमध्ये. कधी जहाजावरूनच, कधी गाव पळून गेल्यावर रिकाम्या झोपड्यांपुढे नाहीतर झाडांपुढे. वर वाचून दाखवल्याची रीतसर नोंद.

मी इराला विचारलं, झाडांनी काय उत्तर दिलं म्हणे? माझा आवाज बहुधा चढला असावा. तिथला रखवालदार जवळ येऊन अत्यंत नम्रपणे म्हणाला की बाईंचं म्हणणं योग्यच आहे, पण जरा हळू.

इराने मात्र मला सोडलं नाही. "पण आजी, ते लोक खरंच माणसांचा बळी द्यायचे."

द्यायचे, मी म्हटलं, आणि ते भयंकरच होतं. पण त्याच काळात स्पेनमध्ये धर्मासाठी माणसं जिवंत जाळत होते. म्हणून कोणी समुद्र ओलांडून त्यांचं राज्य घ्यायला गेलं नाही. खोटा आरोप खोडता येतो. खऱ्या आरोपावर भलतंच बांधकाम केलं की माणूस अडकतो.

मग खाली कॅफेत गेलो. सँडविच थंड, चहा कोमट, बिल तेवढं गरम. आणि तिथे निखिलने घसा खाकरला. नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या फ्लॅटला गिऱ्हाईक मिळालं होतं. व्यवहार पुढच्या महिन्यात. लेस्टरच्या घरातली मागची खोली माझी, तिथे नवं कार्पेटही टाकून झालं होतं.

मी विचारलं, हे कधी ठरलं?

"आई, मार्चमध्ये फोनवर सांगितलं की तुला. तू काहीच बोलली नाहीस."

मार्चमध्ये! माझा कूलर घरघरत होता, फोनवर माझाच आवाज मला परत ऐकू येत होता, आणि त्याच्या कॉलिंग कार्डाची शेवटची मिनिटं चालली होती. मी गप्प होते, म्हणजे त्याच्या हिशेबी होकार.

"तू बाथरूममध्ये पडली होतीस," तो म्हणाला. "दुपारपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. हे तरी खरं ना?"

खरं होतं.

इरा तोंडातला घास न गिळताच म्हणाली, "बाबा, बाथरूम इज युवर ह्यूमन सॅक्रिफाइस."

शेजारच्या टेबलावरची गोरी बाई वळून बघायला लागली. निखिलचे कान लाल झाले. मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून ते विरलं. तो पेपर नॅपकिनचे बारीक तुकडे करत म्हणाला, "पहाटे फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात, आई. बाकी काही नाही."

"मग भीती वाटते असं म्हण," मी म्हटलं. "माझं भलं करतोयस असं म्हणू नकोस. भीतीवर आपल्याला काहीतरी करता येईल."

परतीच्या ट्रेनमध्ये त्याने व्यवहार रद्द करायला नागपूरच्या एजंटला फोन लावला. मी कान देऊन ऐकला. मराठीतच होता.

आता मी धरमपेठेत आहे. बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवल्या, खाली खरखरीत फरशी घातली. शेजारच्या देशपांडे वहिनींकडे किल्ली असते, आणि सकाळी आठच्या आत मी दूध आत घेतलं नाही तर त्या दार उघडतात. गेल्या आठवड्यात नुसता डोळा लागला होता तर त्या पाण्याचा तांब्या घेऊन उशाशी हजर. निखिलची भीती थोडी कमी झाली, माझी झोप थोडी कमी झाली. गृहपाठाला इराला चांगला शेरा मिळाला. वडिलांना तिने तो मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला म्हणे.

परवा निखिलचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "आई, या वर्षी नाताळात येशील का? तुला काय वाटतं?"

हा प्रश्न त्याने मला याआधी कधी विचारला होता, आठवेना. मी खुर्ची ओढून बसले, पदर खोचला आणि म्हटलं, नाताळात तुमच्याकडे साडेतीनलाच अंधार पडतो, मी एप्रिलमध्ये येईन.

"बरं, एप्रिल," तो म्हणाला.

भांडायची सगळी तयारी करून बसले होते. वाया गेली.