पाली लाइनचा कंट्रोलर

गाडी वेळेवर सुटली नाही की माझं डोकं फिरतं, मग ती गाडी हातभर लांबीची का असेना. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या स्वभावाचाही वाटा आहे.

मी दीपाली. आठवडाभर हायस्कुलात गणित शिकवते आणि रविवारी रेल्वे चालवते. रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या मागे आमच्या क्लबातल्या ओमकारच्या काकांचं आंब्याच्या पेट्यांचं गोदाम आहे. त्याच्या माळ्यावर आम्हा नऊ जणांच्या क्लबची लाइन आहे. रत्नागिरी, हातखंबा, पाली, साखरपा आणि वर आंबा घाट. खऱ्या जगात या वाटेने एसटी जाते, रेल्वे कधी आली नाही. आम्ही ती फळ्यांवर आणली. डोंगर थर्माकोलचे, पण त्यावरची लाल माती अस्सल जांभ्याची, मी स्वतः चाळणीने चाळलेली. एप्रिल-मे दोन महिने माळ्यावर पेट्या चढतात, तेवढी रेल्वे बंद.

बघायला येणारे याला खेळणी म्हणतात. म्हणोत बापडे. एकदा बसून चालवा म्हणावं, मग घाम फुटतो. आमचं घड्याळ सहापट पळतं, म्हणजे खऱ्या दोन तासांत आमचे बारा तास होतात. प्रत्येक स्टेशनावर एक माणूस. रूळ एकेरी, त्यामुळे समोरासमोरच्या दोन गाड्यांनी कुठल्या तरी स्टेशनात थांबून एकमेकींना वाट द्यायची. कोणी कुठे थांबायचं, कोण आधी सुटायचं, हे मधल्या टेबलावर बसलेला कंट्रोलर ठरवतो. स्टेशनवाले त्याला फोनवर विचारतात, तो सांगतो, आणि तो सांगेपर्यंत गाडी हलत नाही. वेळापत्रक मी बनवते. कंट्रोलरच्या खुर्चीवर मात्र आठ वर्षं एकच माणूस, गंगाराम गोताड, आमचे गोताडकाका.

काका एकतीस वर्षं एसटीत होते, त्यातली शेवटची चौदा पालीला कंट्रोलर. गाडी आली, गाडी गेली, वहीत नोंद, भोंग्यावर घोषणा. निवृत्त झाल्यावर एकदा हंगामाआधी रिकाम्या पेट्यांसाठी गोदामात आले ते वरचा आवाज ऐकून माळ्यावर चढले. दोन तास भिंतीला टेकून उभे. शेवटी म्हणाले की तुमची साखरप्याची गाडी उगाच खोळंबली, पालीत वाट दिली असतीत तर दोघी सुटल्या असत्या. मी कागद काढून पाहिलं तर बरोबर होतं. मला राग आला आणि त्याच दिवशी मी त्यांना खुर्ची दिली.

तेव्हापासून काका दर रविवारी सकाळच्या गाडीने पालीहून येतात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. त्यांची बायको येसूबाई म्हणतात, लग्नाला जाताना एवढी घाई केली नव्हती त्यांनी. नोंद करायची त्यांची एक पद्धत आहे. डोळ्यांनी गाडी बघितल्याशिवाय वहीत लिहायचं नाही. एसटीत म्हणे कोणी सांगितलं की गाडी आली, तरी ते आधी उठून फलाटावर बघायचे. आम्ही यावर त्यांची भरपूर चेष्टा करायचो, तेही हसायचे.

गेल्या वर्षापासून मात्र ही पद्धत फारच वाढली. पालीवाल्याने फोनवर सांगितलं की गाडी आत आली, तर काका खुर्चीवरून उठायचे, गुडघ्यावर हात देत पालीपर्यंत चालत जायचे, वाकून गाडी बघायचे, परत येऊन लिहायचे, मग पुढचा हुकूम. तोवर हातखंब्याला दोन गाड्या आणि साखरप्याला एक अडकलेली. तीस-तीस मिनिटं उशीर. मी लाल शाईने ते उशीर लिहून भिंतीवर लावायला लागले. विनीत म्हणजे आमच्यातला सगळ्यात हुशार, लोट्याला कंपनीत शिफ्ट सांभाळतो आणि शिफ्ट जुळवून रविवारी येतो. तो एकदा काका घरी गेल्यावर चिडून म्हणाला की काकांना आता मान म्हणून एखादं स्टेशन द्या, खुर्ची मी बघतो. त्यात कोल्हापूरच्या क्लबचे तिघे पाहुणे महिन्याभरात आमची लाइन चालवायला येणार होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न उरला मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची याचा, आणि बाकी सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, मलाही विनीतचं पटलं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी पालीला गेले. घराचं दार उघडं होतं. काका पडवीत माझ्याकडे पाठ करून बसले होते, समोर आमचं वेळापत्रक पसरलेलं. आत कुकरची शिट्टी होत होती. एक झाली, दुसरी झाली, पाचवी झाली, डाळ लागल्याचा वास यायला लागला, तरी काका आपले पेन्सिलीने रेघा ओढताहेत. मी हाक मारली. परत मारली. तिसऱ्यांदा वर्गात मारते तशी मारली. परड्यातून येसूबाई धावत आल्या, आधी गॅस बंद केला, मग मला बघितलं आणि हाताने खुणावून स्वयंपाकघरात बोलावलं.

त्यांनी आवाज खाली केला नाही. गरजच नव्हती. दोन वर्षं झाली, म्हणाल्या, आधी डावा कान गेला, आता उजवाही चाललाय. समोर बसून बोललं तर ओठांवरून जुळवतात. डॉक्टरचं नाव काढलं की जेवण टाकून उठतात. त्यांच्याबरोबरचे ड्रायव्हर लवू धनावडे होते, त्यांना ऐकू येईना झालं तसं लोक त्यांना काही विचारेनासे झाले, नुसते हसायचे आणि हात हलवायचे. ते बघून यांनी धसका घेतलाय.

"आठवड्यातून दोन तास लोक त्यांना विचारतात, काका, आता काय करू," येसूबाई म्हणाल्या. "तेवढं गेलं तर माणूस घरात खुंटीला टांगल्यासारखा होईल गो."

मी तिथे उभी राहिले आणि माझ्या डोक्यात सगळं उलगडत गेलं. फोनवरचं काकांना ऐकूच येत नव्हतं. दुसरा कोणी असता तर अंदाजाने हो म्हणाला असता आणि दोन गाड्या एकमेकींवर घातल्या असत्या. काकांनी एकदाही अंदाज केला नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी प्रत्येक गाडीपर्यंत चालत गेले, आणि आम्ही त्याला एसटीची खोड म्हणून हसलो. आणि मी, गणिताची बाई, त्याची मिनिटं लाल शाईने भिंतीवर लावत होते. मला माझीच लाज वाटली, फार लाज वाटली.

बाहेर आले तर काकांनी मला बघितलं, खूश झाले आणि विचारलं, "काय काम काढलंस गो?" खुर्चीचं वाक्य मी बसमध्ये चार वेळा घोकलं होतं. ते तोंडातून निघेना. त्यांच्या समोर बसून मी म्हटलं की पाहुणे यायच्या आधी नियम बदलतोय, फोन बंद. पूर्वी रेल्वेत गाडी सोडायची परवानगी कागदावर देत, तसं करायचं. स्टेशनवाला चिठ्ठी लिहील, तुमच्यापुढे ठेवील, तुम्ही त्यावर हुकूम लिहायचा. कागदाची पद्धत पूर्वी होती हे खरं, पण ती मला त्या पडवीत, त्या क्षणी सुचली होती. काकांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि नुसतं "बरं" म्हणाले.

क्लबात विनीतने माझ्याशी कडाक्याचं भांडण केलं. खुर्ची राहिली बाजूला, वर चिठ्ठ्या कसल्या? त्याने गाड्यांसाठी मोबाइलवर चालणारं काहीतरी बनवायला घेतलं होतं. मी त्याला कारण सांगितलं नाही, ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. वेळापत्रक माझं, नियम माझा, म्हणून मोकळी झाले. पहिल्या रविवारी चिठ्ठ्यांचा नुसता सावळागोंधळ झाला, ओमकारने तर हातखंब्याच्या चिठ्ठीच्या जागी वाणसामानाची यादी ठेवली. तिसऱ्या रविवारी मात्र एकूण उशीर चार मिनिटं. काका दोन तासांत एकदाही खुर्चीवरून उठले नाहीत. विनीतचं तोंड तरी वाकडंच होतं.

मग कोल्हापूरचे पाहुणे आले. त्यातल्या इंगवल्यांना आम्ही साखरपा दिलं. माणूस दिलखुलास, आवाज असा की खालच्या पेट्या हलाव्यात. साखरप्याचं टेबल नेमकं काकांच्या पाठीमागे होतं, आणि ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. पहिला तास झकास गेला. आमच्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजले आणि खरी गर्दी सुरू झाली. पालीत दोनच रूळ, आणि पालीकडे तीन गाड्या निघायच्या होत्या. काका मान खाली घालून त्याचाच हिशेब मांडत होते. इंगवल्यांची एक्स्प्रेस सिग्नलला खोळंबली होती, आणि चिठ्ठीबिठ्ठी विसरून त्यांनी सरळ हाक मारली की काका, सोडू काय? परत मारली. तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात. आणि मग हसत हसत, मनात काही नसताना म्हणाले, "ओ काका, ऐकायला येत नाही काय?"

माळा गप्प झाला. इंजिनांची घरघरसुद्धा थांबली, कारण सगळ्यांनी हात काढून घेतले होते. सगळे काकांकडे बघत होते. काका लिहीत होते. खोली गप्प झाली, हेसुद्धा त्यांना एकट्यांना कळलं नव्हतं.

मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, पण विनीत आधी उठला. साखरप्याला गेला, कोरी चिठ्ठी काढली, स्वतः लिहिली, इंगवल्यांच्या हातात पेन दिलं आणि म्हणाला, "सही करा. इथे कागदाशिवाय गाडी सुटत नाही." मग ती चिठ्ठी घेऊन टेबलाला वळसा घालून समोरून आला आणि काकांपुढे ठेवली. काकांनी वाचली. वर बघितलं, विनीतचा चेहरा बघितला, मग एकेक करून आमचे सगळ्यांचे. मग पेन उचलून लिहिलं की हातखंब्याची मालगाडी पालीत आत आली की सोडा. गाड्या पुन्हा सुरू झाल्या. तिन्ही गाड्या पालीतून सुटल्या, एकूण उशीर सहा मिनिटं.

चहाच्या वेळी पाहुणे खाली गाडीत सामान ठेवायला गेले तेव्हा काकांनी विनीतला समोर बसवलं.

"ते पाहुणे मागून मला हाका मारत होते ना? किती वेळा?"

विनीतने माझ्याकडे बघितलं. "चार," तो म्हणाला.

"मला एक पण ऐकू नाय आली," काका म्हणाले. विनीतला नव्हे, सगळ्यांना. मग माझ्याकडे वळले. "चिठ्ठ्या तू त्याच्यासाठीच काढल्यास."

मी होकाराची मान हलवली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि रडायला आलं की मला राग येतो, तसा आला. मी म्हटलं, आधी सांगायला काय झालं होतं?

"सांगितलं असतं तर खुर्ची गेली असती."

छे, काहीतरीच काय, असं कोणी तरी म्हणायला हवं होतं. कोणी म्हणालं नाही. मग खरं होतं ते मीच सांगितलं, पण चहाच्या कपात बघत, पुटपुटत. काकांनी कानामागे हात धरला, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच.

"काय म्हणालीस?"

म्हणून मला तेच वाक्य मान वर करून, एकेक शब्द सुटा करून, अख्ख्या माळ्याला ऐकू जाईल असं परत म्हणावं लागलं. "काका, त्या शनिवारी मी तुमची खुर्ची काढून घ्यायलाच पालीला आले होते."

"माहीत हाय," काका म्हणाले. "तुझं तोंड बघूनच कळलं होतं मला. तू बोलेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता." मग त्यांनी कप खाली ठेवला. "बुधवारी कानाच्या डॉक्टरकडे येशील काय माझ्याबरोबर? येसू दोन वर्षं सांगतेय. एकट्याला भीती वाटते गो."

मी तिथल्या तिथे मुख्याध्यापकांना फोन करून बुधवारची रजा टाकली. बोलून मागे वळले तर विनीत पुढच्या रविवारचा तक्ता लिहायला बसला होता. कंट्रोलरच्या रकान्यात त्याने मला न विचारता लिहिलं होतं, गं. गोताड.