लाकडी मशीनची खोळ

गेली तीस वर्षं मी शिवणकाम करतोय. शर्ट, पॅंट, गाद्यांचे अभ्रे, एका बँडवाल्याच्या ढोलाला कव्हर, सगळं शिवून झालंय. पण लाकडी मशीनला खोळ शिवायची वेळ माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. ती आली आमच्या दाजींमुळे. ती खोळ घालताना टर्रकन उसवली, तीही दाजींमुळेच. नाव मात्र मला ठेवलं गेलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. छत्तीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते. म्हणजे काय ते सांगतो, कारण मलाही ताईच्या लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असेल, पंपाचं झाकण म्हणा, चक्राचा दांडा म्हणा, तर आधी त्याची लाकडात हुबेहूब प्रत करतात. ती वाळूत दाबून काढली की वाळूत तिचा आकार उमटतो, आणि त्या आकारात वितळलेलं लोखंड ओततात. त्या लाकडी प्रतीला म्हणायचं पॅटर्न. या धंद्याने दाजींना एक खोड लावली. लाकडात करून पाहिल्याशिवाय कुठलीही गोष्ट त्यांना पटत नाही. ताईला एकदा चपला घ्यायच्या होत्या, तर यांनी आधी लाकडाच्या करून दिल्या. ताई त्या घालून दारापर्यंत गेली आणि परत आली.

दुसरी खोड म्हणजे कौतुकाची काटकसर. कुणी काहीही केलं तरी त्यांचा सगळ्यात मोठा शेरा 'चालेल'. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाचा कोट मी आठ दिवस बसून हाताने शिवला. आरशात बघून म्हणाले, "चालेल." 'हात चांगला आहे' असं मी त्यांच्या तोंडून एकाच माणसाबद्दल ऐकलंय. ज्या म्हाताऱ्याने त्यांना हे काम शिकवलं त्याच्याबद्दल, आणि तेही तो वारल्यावर.

निवृत्तीनंतर त्यांनी घराची मागची गॅलरी बंद करून तिथे आपला कारखाना मांडला. एक लहान ओतशाळा त्यांच्याकडे अजून पॅटर्नचं काम पाठवायची. सगळं बरं चाललं होतं, आणि दीड वर्षापूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. घरात कुणी त्याबद्दल बोललं नाही. ताई त्यांचा कप अर्धाच भरायला लागली, एवढंच. डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांनी थोडा आवरेल, पण पुढे वाढत जाणार. ओतशाळेच्या मालकाचा निरोप आला की वर्षभर वाट बघतो, नाहीतर काम दुसरीकडे देतो. आता काम गेलं तर हा माणूस खुर्चीत बसेल आणि पुन्हा उठणार नाही, हे मला आणि ताईला स्वच्छ दिसत होतं. पूर्वी कारखान्यात संप झाला होता तेव्हा महिन्याभरात त्यांनी घरातली सगळी दारं उतरवून पुन्हा बसवली होती. दोन उलटी बसली, ती आजही तशीच आहेत.

तोडगा मीच आणला. माझ्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं की हल्ली टेबलावर मावेल एवढं सीएनसी राउटर मिळतं. संगणकावर मापं टाकायची, मशीनमधलं पातं गरगर फिरतं, वरची कमान मागेपुढे सरकते, आणि लाकूड आपोआप कोरलं जातं. आकडे टाइप करायला हात स्थिर लागत नाही, एका बोटाने जमतं. मला वाटलं दाजी मला हाकलून देतील. पण ते लगेच म्हणाले, "बघू. निवडायला हवं."

त्या 'निवडायला हवं'ने आमचे साडेनऊ महिने खाल्ले.

आधी माहितीपत्रकं आली. कमान पट्ट्यावर सरकते की स्क्रूवर, मोटर तापते का, भुसा कुठून ओढला जातो, पातं खोल गेलं की सांगाडा हलतो का. तीन कंपन्यांची मशिनं नजरेत भरली. मी म्हटलं, "दाजी, आता एक मागवा." ते म्हणाले, "कागदावर काय कळतंय." दुसऱ्या दिवशी गॅलरीतून रंध्याचा आवाज यायला लागला.

अडीच महिन्यांनी पहिलं मशीन तयार झालं. लाकडाचं, पूर्ण मापाचं. कमान सरकत होती. मोटरला थंड हवेसाठी जाळी होती, तीही कोरलेली. वायर गुंडाळणारी साखळी होती, तिची कडी न् कडी वेगळी हलायची. मशीन अचानक बंद करायचं लाल बटणसुद्धा होतं, दाबलं की दबायचं. आणि कमान ज्यावर सरकते त्या लांब स्क्रूला दाजींनी हाताने आटे पाडले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखे.

खालच्या मजल्यावरच्यांनी मशीनच्या आवाजाची तक्रार केली. इमारतीचे सेक्रेटरी कागद घेऊन वर आले. मशीन लाकडाचं आहे, आवाज ते घडवण्याचा होता, हे ताई त्यांना सांगायला लागली, तेवढ्यात दाजींनी पुढे होऊन लाल बटण दाबलं. "बंद केलं," म्हणाले. सेक्रेटरींनी दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि कागदावर 'समाधान झाले' असं लिहून गेले. या इमारतीत डोकं ताळ्यावर असलेला माणूस शोधून सापडायचा नाही.

मग दाजी ते मशीन गॅलरीतल्या कोनाड्यात सरकवायला गेले. एका बाजूला भिंत, एका बाजूला पिलर, मध्ये त्यांचं टेबल. मशीन आत जाईना. त्यांनी पट्टी लावली आणि म्हणाले, "दोन मिलिमीटर जास्त. बाद."

दुसऱ्या कंपनीचं मशीन करायला तीन महिने लागले. ते चार मिलिमीटरने बाद झालं. तिसऱ्याला पुरे चार महिने गेले, ते तीन मिलिमीटरने. मी म्हटलं, "अहो, पिलरचं प्लास्टर खरवडू थोडं. मी स्वतः खरवडतो." दाजी म्हणाले, "भिंतीला हात लावायचा नाही. आपल्याला मशीन निवडायचंय, भिंत नाही." दुसऱ्या जागेचं विचारलं तर हॉलमध्ये होती, पण तिथे आता दोन लाकडी मशिनं बसली होती. पाहुणा आला की त्याला पाय दुमडून बसावं लागायचं. ओतशाळेच्या मालकाने दिलेल्या वर्षातले अडीच महिने उरले, आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

अशात पहिल्या कंपनीचा विक्रेता स्वतः घरी आला. दाजींनी त्याला अकरा वेळा फोन करून फक्त कोपऱ्यांची गोलाई विचारली होती, तेव्हा हे कोण गृहस्थ आहेत ते बघायला आला असावा. हॉलमधली मशिनं बघून बिचाऱ्याचा चेहरा उतरला. "साहेब, तुम्ही आधीच घेतलंत की," म्हणाला. मग त्याने आपल्या कंपनीच्या मशीनवर हात ठेवला, टकटक केलं, लाल बटण दाबून पाहिलं आणि खालीच बसला. ताईने पाणी दिलं.

पाणी पिऊन त्याने जे मांडलं ते ऐकून मला वाटलं आता सुटलो. त्याच्या कंपनीचं पंधरा दिवसांत प्रदर्शन होतं. खरं मशीन उचलून नेताना दर वेळी कुणाची तरी पाठ धरते. हे लाकडाचं त्यांना द्यायचं, बदल्यात ते खरं देतील, घरपोच. दाजी म्हणाले, "पण ते बसत नाही. दोन मिलिमीटर."

विक्रेता म्हणाला, "आठ दिवस विचार करा. तोवर यावर धूळ बसू देऊ नका." आणि म्हणून ताईने मला खोळ शिवायला सांगितली.

मी दाजींना रुंदी विचारली. त्यांनी माहितीपत्रकातला आकडा सांगितला, एकोणसाठ पूर्णांक सहा सेंटिमीटर, आणि वर बजावलं, "ढगळ नको. अंगाबरोबर बसली पाहिजे." मी अंगाबरोबर शिवली. घेऊन गेलो, कमानीवरून खाली ओढली, आणि बाजूची शिवण वरपासून खालपर्यंत उसवली. ताई म्हणाली, "अरे, तीस वर्षं काय करतोयस तू?"

माझं डोकंच फिरलं. माझं माप चुकलंय असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकांनीसुद्धा नाही. गळ्यातली टेप काढून मी मशीनला लावली. साठ पूर्णांक दोन. पुन्हा लावली, तेवढंच. म्हणजे खोळ बरोबर होती, मशीन मोठं होतं. तसाच गॅलरीत गेलो आणि कोनाडा मोजला. बरोबर साठ. खरं मशीन एकोणसाठ सहा. म्हणजे ते आत जाऊन वर चार मिलिमीटर जागा उरत होती.

टेबलावर दाजींची लाकडी पट्टी पडली होती. तिच्या शेजारी टेप ठेवली. पट्टीवरचे तीस सेंटिमीटर माझ्या टेपवर तीस सेंटिमीटर तीन मिलिमीटर भरले. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मला आठवलं. फार वर्षांपूर्वी दाजी माझ्या दुकानात बसले होते, आणि मी गिऱ्हाइकाला सांगत होतो की कापड धुतल्यावर आकसतं, म्हणून पॅंटची लांबी थोडी जास्त ठेवतो. दाजी म्हणाले होते, "लोखंडही थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करतात. त्यासाठी आमची पट्टीच लांब असते." ही ती पट्टी. आणि भिंतीवरच्या खिळ्याला दुसरी पट्टी टांगलेली होती. ती मी मोजली. साधी, बरोबर तीसची.

दाजी दारात उभे होते. मी म्हटलं, "दाजी, तुमची पट्टी लांब आहे."

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"छत्तीस वर्षं त्या पट्टीवर पोट भरलं मी. मला माहीत नसेल?"

"मग साडेनऊ महिने आम्हाला का नाचवलंत?" मला खरोखर राग आला होता. "ते वर्ष संपत आलं. काम जाईल हातचं."

दाजी तिसऱ्या मशीनजवळ गेले. ते गॅलरीतच होतं, त्यावर जुनी चादर टाकलेली. चादर काढून त्यांनी मला कमानीखालचा लांब स्क्रू दाखवला. त्यावर एकही आटा नव्हता. गुळगुळीत काठी होती. "चार काठ्या फुकट घालवल्या," म्हणाले, "आटे सरळ पडेनात. मग म्हटलं आतलं कोण बघतंय." उजवा हात त्यांनी डाव्याने धरून ठेवला होता. "मशीन घरात आलं म्हणजे माझा हात गेला असं होतं रे. एकही बसत नाही म्हटलं की पुढचं करायला मोकळा."

इतके महिने मी या माणसाला मनात वेडा म्हणत होतो, त्याची मला लाज वाटली. ताई केव्हा आत आली कळलं नाही. तिने टेबलावरची लांब पट्टी उचलली. "मी रोज सकाळी साधी पट्टी पुढे टांगायची आणि ही मागे," ती म्हणाली. "हे रोज मागची काढून घ्यायचे. मी म्हटलं, काढू देत."

दाजींनी तिच्याकडे बघितलं. मग मला म्हणाले, "कर त्याला फोन."

लाकडी मशीन न्यायला विक्रेत्याने चार माणसं पाठवली. त्यांनी ते कापसात गुंडाळलं, जिन्यात प्रत्येक पायरीवर थांबले. खरं मशीन दोघांनी आदळत वर आणलं. ते कोनाड्यात सरळ आत गेलं, दोन्ही बाजूंना दोन दोन मिलिमीटर. दाजी दोन दिवस त्याच्याकडे फिरकले नाहीत. मी त्याच मापाने दुसरी खोळ शिवून नेली, ती दाजींनी चढवून पाहिली आणि मला म्हणाले, "चालेल."

तिसऱ्या दिवशी ते संगणकासमोर बसले. एका बोटाने पंपाच्या झाकणाची मापं टाकली, लोखंड आकसेल तेवढी वाढवून. मशीन तीन तास चाललं. खालच्या मजल्यावरचे वर आले नाहीत, त्यांना वाटलं असेल लाकडाचंच आहे. मी आणि ताई दारात उभे होतो. दाजींनी तुकडा बाहेर काढला, भुसा फुंकला आणि कडेवरून अंगठा फिरवला. मग टेबलावर ठेवून लांब पट्टी लावली. या कामाला तीच पट्टी लागते. माप केसभरही हललेलं नव्हतं. त्यांनी दुसऱ्यांदा लावून पाहिलं.

"हात चांगला आहे," ते म्हणाले.

ताईने तोंड फिरवलं. दाजींनी पट्टी पुसली आणि खिळ्याला टांगली, साध्या पट्टीच्या मागे.