समदभाईंचं जिनोआ

श्रीवर्धनचे अब्दुस्समद उमरभर मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये तेलपाणी करत होते. इटलीतलं जिनोआ बंदर त्यांनी एकदाच पाहिलं, तेही डेकवरून. धक्क्यावर जागा नव्हती, म्हणून जहाज बाहेर नांगरून होतं. दिवेलागणीला समोरचा डोंगर पायथ्यापासून उजळत जाई. धक्क्याला लागलं तेव्हा यांची पाळी खाली इंजिनात. वर आले तोवर जिनोआ मागे पडलेलं. जेवायला नेहमीचा डाळभात.

गावी परतल्यावर मात्र समदभाई गप्पांत त्या डोंगरावर चढले. गल्ल्या त्यांनीच पाडल्या, पायऱ्या बांधल्या, वळणावर एका विधवेला खानावळ काढून दिली. तिच्या हातचा पास्ता ते आजतागायत खात आहेत. श्रोते दोघे: सुपारीवाले महादेव आणि निवृत्त मास्तर तुळशीराम. दोघांचाही या इटलीवर पूर्ण विश्वास. संध्याकाळी तिघे समुद्राकडे तोंड करून बसतात.

यंदा दिवेआगरला एका नारळाच्या वाडीत इटालियन हॉटेल निघालं. दोघांनी समदभाईंना धरूनच नेलं.

"तूच मागव," महादेव म्हणाला. "तुझ्या सासुरवाडीचं जेवण."

"गोश्त कुठलं असेल, सांगता येत न्हाय," म्हणत समदभाईंनी टोमॅटोचा पास्ता सांगितला.

पहिला घास घेतला आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. टोमॅटो, लसूण, तुळशीच्या नात्यातला कसलासा पाला. माडांतून वारा आला. डोंगर जवळ सरकला, खानावळीचं दार उघडंच होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते हे खात होते, आणि फारच छान लागत होतं.

"काय रे? तस्साच हाय का?" तुळशीरामने विचारलं.

व्हय म्हटलं, तर जिनोआ रिक्षाच्या टप्प्यात येत होतं. मग समुद्राकडे तोंड करून कोण कशाला बसेल?

"तौबा!" समदभाईंनी प्लेट दूर सारली. "ही तर पोरांची शेवई."

"मला बरी लागतेय की," महादेव म्हणाला.

"तुला लग्नातला मठ्ठाही बरा लागतो."

"बरं, मग तिचा कसा असायचा ते सांग," तुळशीराम सुटल्यासारखा हसला.

"ती आधी टोमॅटो निखाऱ्यावर भाजायची..." समदभाई पायऱ्या चढू लागले. तुळशीराम हनुवटीला हात लावून मागोमाग निघाला. दूर सारलेली प्लेट महादेवने ओढून घेतली आणि पावाने पुसून खाल्ली. समदभाईंना भूक सणकून लागली होती. पण विधवा आता वाढायला घेत होती, आणि मधेच उठणं शोभलं नसतं.