सड्यावरची कडजाई

कोंडीबा सांगलीच्या हळद बाजारात हमाल होता. शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन तो गोदामाची फळी अशी चढायचा, की बघणाऱ्याला ते पोतं कापसाचं वाटावं. बोटांच्या पेरांत हळद कायमची बसलेली. घर आष्ट्याच्या अलीकडं, धरणानं उठवलेल्या लोकांना सरकारनं वसवलेल्या वस्तीत. मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात होतं. आता त्या गावावरून लाँच जाते.

त्र्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर मधु आठल्ये सर त्याला शोधत बाजारात आले. सर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. अंगानं काटकुळे, त्यात दम्याचे. त्यांना कोयनेच्या रानातून चार दिवस पायी हिंडायचं होतं. बरोबर त्यांची पत्नी पद्माबाई आणि बँकेतले मित्र हरी सोवनी. वाट माहीत असलेला माणूस हवा होता.

"हिंडायला म्हंजे? शिकारीला?" कोंडीबानं विचारलं.

"नाही हो. नुसतं चालायचं. रोज सकाळी तासभर मौन पाळायचं. आणि संध्याकाळी प्रत्येकानं मनातलं एक खरं सांगायचं."

कोंडीबाला त्यातलं मौन समजलं, पुढचं समजलं नाही. पण सर ज्या सड्याचं, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळाचं नाव घेत होते, त्याच्या पलीकडच्या उतारावर त्याचा थोरला भाऊ जोतीराम राहत होता. तो लगेच हो म्हणाला. मजुरी किती, हेसुद्धा विचारलं नाही.

त्या रात्री मनुबाईनं, त्याच्या बायकोनं, जुनं लुगडं फाडून दिलं आणि त्यात कोंडीबानं कडजाईला गुंडाळलं.

कडजाई म्हणजे नारळाहून थोडा मोठा, काळा, गुळगुळीत धोंडा. हात नाही, तोंड नाही, नुसता शेंदूर. पण पाच पिढ्या त्यांच्याच घराण्यानं गावाच्या वरच्या राईत तिच्यापुढं दिवा लावलेला. गाव उठायची वेळ आली तेव्हा जोतीराम म्हणाला होता, "पानी तिच्या राईपतोर येत न्हाई. ती हितली हाय, तिला हलवायची न्हाई. मीबी वर सरकून हितंच ऱ्हानार." कोंडीबा म्हणाला, देव मागं टाकून नव्या गावात पाऊल कसं टाकायचं? दोघांचं काही जमलं नाही. शेवटी जोतीराम गुरं घेऊन रानात गेलेला बघून कोंडीबानं पहाटे राईतून देवी उचलली आणि सामानाच्या ट्रकमध्ये बसला. वाटेत देव भुईला टेकला की तिथंच बसतो, पुन्हा उचलायचा नसतो. म्हणून आष्ट्यापर्यंत तो तिला मांडीवर घेऊन होता.

त्याला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत जोतीरामचा एक शब्द नाही. पत्राचं उत्तर नाही, पोरीच्या लग्नाला येणं नाही. चैत्रात आई गेली, तेव्हाही निरोप धाडला, कुणी आलं नाही. जाण्याआधी म्हातारी एवढंच म्हणाली होती, "तिला तिकडं निऊन ठेव, कोंडू. हितं तिला झोप न्हाई लागत."

आता न्यायचं होतं. राईतल्या तिच्या जागी, जोतीरामच्या डोळ्यांदेखत बसवायचं होतं. मग त्यानं शिव्या घालाव्यात, नाहीतर काठी घालावी. काहीतरी करावं.

उंब्रजला गाडी बदलून मंडळी पाटणला उतरली आणि तिथून चालायला लागली. कोंडीबाच्या पाठीवर शिध्याचं पोतं आणि छातीशी ते गाठोडं. पहिल्याच दिवशी हरी सोवनींच्या ते डोळ्यांवर आलं. सोवनी अंगानं भरलेले, तोंडानं मोकळे.

"काय कोंडीबा, सोनं आहे का त्यात? जेवताना मांडीवर, झोपताना पोटावर. आमच्या हिनं मला लग्नात एवढं धरलं नव्हतं!"

"माझं हाय वो कायतरी," कोंडीबा हसून म्हणायचा.

ओढ्यावर अंघोळीला गेला तर आधी गाठोडं फांदीला टांगायचा, मग धोतर सोडायचा. पद्माबाई हे सगळं बघत होत्या.  भात वाढताना त्यांनी त्याचं ताट उचलून त्याच्या हातात दिलं, म्हणजे त्याला वाकायला नको.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलीभोवती खरं सांगायची वेळ आली. सर म्हणाले, मी मुलांना रागावतो तेव्हा कधी कधी तो राग दुसऱ्याच कुणावरचा असतो. सोवनी म्हणाले, "माझ्या विनोदांना घरी कुणी फारसं हसत नाही."  पद्माबाई म्हणाल्या, एम. ए.चा फॉर्म भरून तीन वर्षं डब्यात ठेवलाय. सरांनी चमकून त्यांच्याकडं पाहिलं.

"आता कोंडीबा."

"माझं काय, सर. मी हमाल मानूस. दुसऱ्याचं उचलायचं आन दुसऱ्याच्या दारात ठिवायचं."

"हे खरं झालं, पण हे मनातलं नाही," पद्माबाई म्हणाल्या.

कोंडीबानं लाकूड पुढं सारलं. सांगावं असं वाटलं. पण चोरी तोंडानं कशी सांगायची? उद्या दुपारपर्यंत सगळं फिटतंय, मग सांगू, असं त्यानं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते सड्यावर चढले. धुकं इतकं, की पुढच्याची पाठ तेवढी दिसत होती. पायाखाली काळा ओला कातळ आणि त्यावर वाळायला लागलेलं गुडघाभर गवत. मौनाचा तास चालू होता. कोंडीबाला वाट दाखवत पुढं राहायचं होतं, पण त्या दिवशी त्याचे पाय त्याच्या ताब्यात नव्हते. वारा पलीकडून येत होता आणि त्याला शेणाचा, धुराचा वास होता. जोतीरामच्या वस्तीचा. तो बाकीच्यांना तीस-चाळीस पावलं मागं टाकून चालला होता.

मधल्या भेगेशी आल्यावर तो थबकला. कातळाला तिथं हातभर रुंद चीर होती, वर गवत आलेलं. लहानपणी गुरांचे पाय त्यात मोडलेले त्यानं पाहिले होते. तो ओलांडून पलीकडं गेला. ओरडून सांगावं तर मौन. दोन दिवस सरांनी त्या मौनाला देवघरासारखं जपलेलं. वळून त्यानं हात हलवला, खाली बोट दाखवलं. धुकं थोडं विरळ झालं होतं. सोवनींना वाटलं, कोंडीबा खालचं धरणाचं पाणी दाखवतोय, बघायला बोलावतोय. ते हसत हसत, मान उंचावून, सरळ आले.

मग जो आवाज आला, तो ओल्या लाकडाचा यावा तसा होता.

त्यांना वर ओढलं तेव्हा नडगीचं हाड कातडीबाहेर आलं होतं. पद्माबाईंनी पातळाचा पदर फाडून आवळून बांधलं. दोन मिनिटांत तो लाल झाला. दुसरा तुकडा फाडला.

"मी मोठ्यानं बोलायला पायजे हुतं," कोंडीबा म्हणाला. "मला ठावं हुतं. मला हितली चीर ठावी हुती."

"ते नंतर. वस्ती किती लांब आहे?"

"खाली. तासाभरावर. भाऊ हाय माझा तितं." आणि बोलता बोलता त्याला मार्ग दिसला. "मी पळत जातो. मानसं घिऊन, डोली घिऊन येतो."

म्हणजे गाठोडं घेऊन जाता येईल. राई वाटेवरच आहे.

"जाऊन येऊन किती वेळ?"

"तीन तास."

पद्माबाईंनी पट्टीवरचा हात उचलला. बोटांमधून रक्त ओघळलं. "तीन तास?" एवढंच त्या म्हणाल्या.

कोंडीबानं शिध्याचं पोतं तिथंच टाकलं. सोवनींना पाठुंगळी घ्यायचं, आणि त्यांचा मोडका पाय सरांनी मागून दोन्ही हातांनी उचलून धरायचा, असं ठरलं. गाठोडं त्यानं छातीवर घट्ट बांधलं आणि उठला. दहा पावलं गेला. उतार सुरू झाल्यावर धोंडा छातीवरून झुलायला लागला, पायाखालचं दिसेना. एक पाय सुटला. तो गुडघ्यावर आला आणि सोवनींची किंकाळी दरीत गेली.

"ते गाठोडं टाका ना!" सर ओरडले. त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. "असं काय आहे त्यात?"

"आमची कडजाई हाय," कोंडीबा म्हणाला. आणि तिथं, गुडघ्यावरच, पाठीवर सोवनींना घेऊन त्यानं चार वाक्यांत सगळं सांगितलं: राई, ट्रक, भाऊ, आई. "भुईला टेकली की बसली. मग न्हाई उचलता येत."

 मग सोवनीच दात आवळून म्हणाले, "मग मला ठेवा, तिला न्या. मी कुठं जात नाही इथून." हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

उघड्या कातळावर टांगायला एक फांदी नव्हती, आणि सरांना त्या धापेत धोंडा पेलला नसता. कोंडीबानं पद्माबाईंकडं पाहिलं. हात मोकळे असणारं तेवढंच माणूस उरलं होतं. गाठ सोडून त्यानं गाठोडं पुढं केलं. "बाई, तुमी घ्या. नुसतं खाली ठिवू नका."

पद्माबाईंनी हात पुढं केले आणि मागं घेतले.

"कोंडीबा, मी बाजूला आहे. कालपासून." त्यांचा चेहरा लाल झाला, पण आवाज डळमळला नाही. "मी माझ्या घरी हा विटाळ पाळत नाही. गपचूप घेतलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं. पण देवी तुमची आहे. तुम्ही सांगाल तसं."

कोंडीबाला त्या बाईचा राग आला. सांगितलं कशाला? न सांगता घेतली असती तर पाप तिच्या माथी गेलं असतं, आपल्या नाही. मग त्याला त्या विचाराचीच लाज वाटली. बारा वर्षांपूर्वीही त्यानं असंच केलं होतं, कुणाला न सांगता. ही बाई तेवढं करत नव्हती.

हो म्हणावं, असं जिभेवर आलं. पण तशी नेऊन जोतीरामपुढं ठेवायची आणि पुन्हा काहीतरी झाकून ठेवायचं?

त्यानं सोवनींना सरांच्या खांद्याला टेकवलं. उताराच्या तोंडाशी कातळाचा एक उंचवटा होता. हातानं त्यावरचं गवत उपटलं, धोतराच्या सोग्यानं पाणी पुसलं. लुगडं सोडलं. क्षणभर धोंडा दोन्ही हातांत तसाच धरून ठेवला. छातीजवळ तो उबदार झाला होता. मग तोंड पूर्वेला करून बसवला. तोंड कुठलं, हे फक्त त्याला आणि जोतीरामला ठाऊक होतं.

"चला," तो म्हणाला आणि सोवनींना पाठीवर घेतलं.

राईवरून जाताना त्यानं तिकडं बघितलं नाही.

जोतीराम अंगणात दावं वळत बसला होता. केस पांढरे झालेले, गुडघ्यांना चिंध्या बांधलेल्या. त्यानं भावाकडं पाहिलं, भावाच्या पाठीवरच्या माणसाकडं पाहिलं आणि आधी त्या माणसाचं काम हातात घेतलं. पाला वाटून आणला, बांबूच्या कांबी लावून पाय बांधला. रक्त थांबलं. दोन गड्यांना डोली करायला लावली, एकाला लाँच धरायला किनाऱ्यावर पळवलं. सोवनी वाचणार, हे कळल्यावर सर भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मग जोतीरामनं बारा वर्षांतला पहिला प्रश्न विचारला.

"ती कुठं हाय?"

कोंडीबानं सांगितलं.

"कातळावर?" जोतीराम उठून उभा राहिला. "ना सावली, ना आडोसा. पाच पिढ्या राईत ऱ्हायली, तिला तू कातळावर टाकून आलास?"

"टाकली न्हाई, दादा. बसवली."

"तोंड कुनीकडं?"

"उगवतीला."

जोतीराम काठी घेऊन सड्याकडं चालू लागला. पद्माबाई डोलीजवळ उभ्या होत्या. "आमचं आम्ही जाऊ, कोंडीबा. लाँचवर माणसं आहेत. तुम्ही जा." कोंडीबा भावामागून गेला.

वर गेल्यावर उचलायची गोष्ट दोघांनीही काढली नाही. दोघं मिळून वाऱ्याच्या बाजूला दगड रचू लागले.

"गड्या, रोज हितं दिवा कोन लावनार?" जोतीराम म्हणाला. "राई माझ्या दाराशी हुती. हा चढ बघितलास? माझं गुडघं बघितलंस? उन्हाळ्यात यीन रडत-खडत. पावसाचं चार म्हैने? तवा तू येनार?"

हातातला दगड कोंडीबानं रचला. "येतो," तो म्हणाला.

नऊ दिवसांनी तो घरी आला. मनुबाई भाकरी थापत होती. तिनं ताट वाढलं आणि तो दोन घास खाईपर्यंत थांबली.

"बोलले का भावजी?"

"भांडला."

"लय?"

"लय. नऊ दीस."

मनुबाईच्या तोंडावर हसू आलं. मग त्यानं राहिलेलं सांगितलं: देवी कातळावर बसली, आता पावसाळ्याचे चार महिने तिकडं राहून दिवा लावायचं कबूल करून आलोय. दरसाल.

मनुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. 

"तिला हिकडं आनताना भावाला इचारलं न्हाई," ती म्हणाली. "तिकडं ऱ्हायाला जाताना मला इचारलं न्हाई."

कोंडीबानं ताटातला हात काढला.  

"खावा आता," मनुबाई म्हणाली आणि गरम भाकरी त्याच्या ताटात टाकली. "पावसाळ्याला अजून सात म्हैने हायत. तवर मला इचारत ऱ्हावा."