कवायतमास्तरांचे गुडघे

युद्धाच्या ठरावाला ज्यांचा पाठिंबा होता, त्यांनी सभागृहात उभे राहायचे होते. ज्यांची मुले लढायला जाणार नव्हती, ते सर्वांत आधी उठले. आता आमदार झालेले कवायतमास्तर तेवढे एकटे बसून राहिले. शाळेत ज्या पोरांकडून त्यांनी जन्मभर उठाबशा काढून घेतल्या, तीच आता खंदकात जाणार होती.

संध्याकाळी पक्षाध्यक्ष घरी आले. "मास्तर, गुडघा धरला होता एवढंच म्हणा. पुढचं तिकीट पक्कं."

"म्हणा की हो," बायको म्हणाली, "नाहीतरी घरात पाण्याच्या पेल्यासाठीही तुम्ही उठत नाही!"

आमदारकीची खुर्ची मास्तरांनाही प्रिय होती. ते गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी जाहीर सभेत अध्यक्षांनी त्या गुडघ्याची अशी करुण कहाणी रंगवली, की लोक हळहळले. तेव्हा मात्र मास्तरांनी कोट काढला आणि व्यासपीठावरच बैठका मारायला सुरुवात केली.

"गुडघा ठणठणीत आहे," ते धापा टाकत म्हणाले. "मला उठायचंच नव्हतं!"

शिव्यांचा पाऊस पडला आणि तिकीट तिथेच गेले. घरी येऊन ते खुर्चीत कोसळले आणि त्यांनी पाणी मागितले.

"आपलं आपण घ्या," आतून बायको म्हणाली. "गुडघे साऱ्या गावानं पाहिलेत."